गँडर ते शॅनन : एका अंतराचा इतिहास



दोन गांवांमधील अंतर किती, हा प्रश्न शाळेंतील प्रश्नांमध्यें सर्वांत सोपा समजला जातो. नकाशा घ्यावा, पट्टी लावावी, प्रमाण पाहून गुणाकार करावा, कीं उत्तर तयार. मींही अनेक वर्षें भूगोल व गणित शिकवितांना मुलांना हेंच सांगितलें. परंतु "अंतर किती" या प्रश्नाला जोडून "वेळ किती" हा दुसरा प्रश्न आला, म्हणजे पहिल्याचें सोपेपण नाहींसें होतें. या दोन प्रश्नांची गांठ जेथें पडते, अशा दोन ठिकाणांची हकीकत आज आपणांस सांगावी असा माझा विचार आहे. एक, अटलांटिक महासागराच्या पश्चिम कांठीं न्यूफाउंडलंड बेटाच्या रानांत वसलेला गँडर विमानतळ. आणि दुसरा, त्याच महासागराच्या पूर्व कांठीं आयर्लंडमधील एका नदीमुखाशीं असलेला शॅनन विमानतळ.

1985 च्या जून महिन्यांतील गोष्ट. शाळा नुकतीच सुरू झाली होती. त्या महिन्याच्या 23 तारखेस माँट्रियलहून लंडनमार्गें दिल्ली व मुंबईकडे यावयास निघालेलें एअर इंडियाचें 'कनिष्क' हें विमान आयर्लंडच्या नैर्ऋत्येस समुद्रावर बाँबस्फोटानें नष्ट झालें, आणि त्यांतील सर्व 329 माणसें मृत्यु पावलीं. दुसऱ्या दिवशीं मुलांनीं "हें कोठें घडलें?" म्हणून विचारलें, तेव्हां मीं भिंतीवर नकाशा लावून ती जागा दाखविली. वर्ग गप्प होता. एका मुलाचे काका कॅनडांत नोकरीस होते. ते त्या विमानांत नव्हते. पण वर्षादोन वर्षांनीं त्याच वाटेनें घरीं येत. त्यांनीं पाठविलेलें एक विमानाचें वेळापत्रक त्या मुलानें पुढील दिवशीं वर्गांत आणलें आणि मला विचारलें, "गुरुजी, अंतर तर तेंच आहे; मग लंडनहून न्यूयॉर्कला जावयास जवळजवळ आठ तास, आणि तिकडून येतांना मात्र सातच, असें कां?"

मीं क्षणभर विचार केला आणि मोठ्या आत्मविश्वासानें सांगितलें, कीं पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्याचा हा परिणाम आहे. मुलगा खालीं बसला. थोड्या वेळानें पुन्हा उभा राहून म्हणाला, "पण गुरुजी, पृथ्वी पूर्वेकडे फिरते, तर न्यूयॉर्क आपण होऊन विमानाकडे येत असेल. मग तिकडे जावयास वेळ कमी लागला पाहिजे!" त्याचें म्हणणें बिनतोड होतें. माझें उत्तर नुसतें अपुरें नव्हतें. तें सरळ उलटें होतें. "उद्यां सांगेन" असें म्हणून मीं त्या दिवशीं वेळ मारून नेली. तो 'उद्यां' उजाडावयास आठ दिवस लागले. आणि त्या आठ दिवसांत जें वाचन झालें, त्यांतूनच गँडर व शॅनन या दोन नांवांशीं माझा परिचय झाला.

प्रथम अंतराचें पाहूं. शाळेच्या भिंतीवर जगाचा जो सपाट नकाशा असतो, तो एका बाबतींत आपणांस नेहमीं फसवितो. वाटोळी वस्तु सपाट करतांना कोठें तरी ताण हा पडावयाचाच. संत्र्याची साल टेबलावर चेपून पाहिली म्हणजे हें समजतें. म्हणून खरी जवळची वाट पाहावयाची असेल, तर पट्टी बाजूस ठेवून पृथ्वीगोल घ्यावा आणि दोन ठिकाणांवर दोरा ताणावा. न्यूयॉर्क व लंडन यांवर असा दोरा ताणला, तर तो सरळ पूर्वेस न जातां उत्तरेकडे झुकतो, न्यूफाउंडलंड बेटाच्या अंगानें जातो, आणि मग महासागर ओलांडून आयर्लंडच्या दक्षिण भागाजवळ टेकतो. अमेरिकेच्या बाजूची शेवटची जमीन न्यूफाउंडलंडची, आणि युरोपच्या बाजूची पहिली जमीन आयर्लंडची. 1927 सालीं लिंडबर्ग एकटा न्यूयॉर्कहून पॅरिसला गेला, तेव्हां त्यानें न्यूफाउंडलंडची जमीन मागें टाकली आणि त्यानंतर त्याला जी जमीन दिसली ती आयर्लंडची. गँडर व शॅनन या ओसाड जागांना महत्त्व आलें तें या दोऱ्यामुळें.

या दोन विमानतळांमधील दोऱ्यानें मोजलेलें अंतर सुमारें 3,180 किलोमीटर, म्हणजे 1,975 मैलांच्या आसपास आहे. येथें आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. गँडरचें अक्षवृत्त जवळजवळ पॅरिसचेंच आहे, आणि शॅनन त्याहून बरेंच उत्तरेस आहे. तरीहि हिंवाळ्यांत बर्फानें गाडलें जातें तें गँडर, आणि हिरवें राहतें तें शॅनन. एकाच्या किनाऱ्यावर उत्तरेचा थंड प्रवाह येतो, दुसऱ्याच्या किनाऱ्याला दक्षिणेकडून आलेलें ऊबदार पाणी लागतें. ज्या ठिकाणीं हा थंड प्रवाह त्या उष्ण प्रवाहास भेटतो, तेथें, न्यूफाउंडलंडच्या समुद्रावर, दाट धुकें पडतें. विमानतळासाठीं किनारा सोडून बेटाच्या आंतील जागा निवडण्याचें एक कारण तेंच होतें.

आतां वेळेकडे वळूं. हें अंतर न थांबतां प्रथम ओलांडलें गेलें तें 1919 सालीं. त्या वर्षीं जून महिन्याच्या 14 तारखेस अल्कॉक व ब्राऊन हे दोघे ब्रिटिश वैमानिक न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथून निघाले आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर क्लिफ्डनजवळ उतरले. वरून जें हिरवें कुरण दिसलें, ती दलदल निघाली, आणि विमानाचें नाक चिखलांत रुतलें. पण दोघेहि सुखरूप राहिले. या प्रवासास सुमारें सोळा तास लागले. ते पश्चिमेकडून पूर्वेकडे आले, हें आपण ध्यानांत ठेवावें. उलट्या दिशेनें हाच समुद्र विमानानें ओलांडला जाण्यास आणखी नऊ वर्षें जावीं लागलीं. 1928 च्या एप्रिलमध्यें कोल व ह्यूनेफेल्ड हे दोन जर्मन आणि फिट्झमॉरिस हा आयरिश वैमानिक 'ब्रेमेन' नांवाच्या विमानानें आयर्लंडमधील बॉल्डोनेल येथून निघाले. ते कॅनडाच्या किनाऱ्याजवळील ग्रीनली नांवाच्या एका चिमुकल्या बेटावर कसेबसे उतरले, तेव्हां साडेछत्तीस तास होऊन गेले होते. समुद्र तोच. फरक पडला तो दिशेनें.

या फरकाचा अगदीं स्वच्छ पुरावा 1937 च्या जुलै महिन्यांत मिळाला. गँडर व शॅनन येथील धांवपट्ट्या तयार होण्यापूर्वीं त्यांच्या जवळपास पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचीं दोन ठाणीं होतीं. न्यूफाउंडलंडमध्यें बॉटवुड आणि आयर्लंडमध्यें शॅनन नदीच्या मुखाशीं फॉइन्स. जुलैच्या 5 व 6 तारखांच्या मधल्या रात्रीं ब्रिटिश कंपनीचें 'कॅलेडोनिया' हें विमान कॅप्टन विल्कॉक्सन यांनीं फॉइन्सहून बॉटवुडला नेलें, आणि त्याच रात्रीं अमेरिकन कंपनीचें 'क्लिपर तीन' हें विमान कॅप्टन ग्रे यांनीं बॉटवुडहून फॉइन्सला आणलें. पूर्वेकडे येणाऱ्यास साडेबारा तासांच्या आसपास वेळ लागला. पश्चिमेकडे जाणाऱ्यास सुमारें पंधरा तास. विमानें भिन्न होतीं, हें खरें. पण एकाच रात्रीं, एकाच समुद्रावर, समोरासमोरून गेलेल्या दोन विमानांची ही साक्ष कोणत्याहि शिक्षकास फळ्यावर लिहिण्याजोगी आहे.

मग याचें कारण काय? पृथ्वीचें फिरणें हें सरळ कारण नव्हे. चालत्या आगगाडीच्या बंद डब्यांत माशी उडत असली, तर डबा तिच्या अंगावर येऊन आपटत नाहीं. कारण डब्यांतील हवाहि डब्याबरोबर चाललेली असते. त्याचप्रमाणें पृथ्वीभोंवतींची हवा पृथ्वीबरोबर फिरते आणि विमान त्या हवेंत असतें. विमानास वेग मिळतो तो हवेच्या संबंधानें. आणि हवाच जर जमिनीवरून पुढें सरकत असेल, तर तिचा वेग विमानाच्या वेगांत मिळतो किंवा त्यांतून वजा होतो. पावसाळ्यांत कृष्णेच्या पात्रांत नाव घालणाऱ्या नावाड्यास हें कोणी शिकवावें लागत नाहीं. प्रवाहाबरोबर जातांना तो वल्हीं नुसतीं हातांत धरून बसतो. प्रवाहाविरुद्ध येतांना त्याचा घाम निघतो. उत्तर अटलांटिकवर हा हवेचा प्रवाह बहुतेक काळ पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असतो. पृथ्वीच्या फिरण्याचा त्या प्रवाहास दिशा देण्यांत वांटा आहे. पण तो असा आडवाटेनें. फार उंचीवर तर हा वारा एखाद्या नदीसारखा अरुंद व वेगवान् होतो. जपानमधील ओइशी या हवामानशास्त्रज्ञानें 1920 नंतरच्या वर्षांत फुगे सोडून हा उंचावरचा वारा मोजला होता. परंतु त्यानें आपला अहवाल एस्पेरांतो भाषेंत प्रसिद्ध केला, आणि बाहेरच्या जगानें त्याची फारशी दखल घेतली नाहीं.

आपण एक सोपें गणित करूं. समजा, विमानाचा स्थिर हवेंतील वेग ताशीं 300 किलोमीटर आहे, आणि पश्चिमेकडून ताशीं 60 किलोमीटरचा वारा वाहत आहे. वारा नसता, तर 3,180 किलोमीटर जावयास 10 तास 36 मिनिटें लागलीं असतीं. जाऊन येऊन 21 तास 12 मिनिटें. आतां वाऱ्याबरोबर गँडरहून शॅननला येतांना वेग 360 होतो आणि 8 तास 50 मिनिटें लागतात. परत जातांना वेग 240 राहतो आणि 13 तास 15 मिनिटें लागतात. बेरीज 22 तास 5 मिनिटें. म्हणजे वाऱ्यानें जातांना जें दिलें, त्याहून अधिक त्यानें येतांना काढून घेतलें. वर्गांतील हुशार मुलेंहि येथें चुकतात. त्यांना वाटतें, कीं नफा व तोटा सारखाच, तेव्हां गोळाबेरीज तीच राहील. पण तोट्याच्या वाऱ्यांत विमान अधिक तास राहतें, म्हणून तोटा मोठा होतो.

याहून गंभीर गोष्ट पुढेंच आहे. शॅननहून पश्चिमेस निघालेलें विमान बरोबर अर्ध्या समुद्रावर आलें असतांना त्याच्या एका इंजिनानें दगा दिला, असें धरूं. पुढें जावें कीं मागें फिरावें? नकाशा सांगतो, कीं दोन्ही सारखेंच. वारा सांगतो, कीं तसें नाहीं. आपल्या वरील आंकड्यांप्रमाणें पुढें जावयास साडेसहा तासांहून अधिक लागतील, तर मागें फिरल्यास 4 तास 25 मिनिटांत शॅनन गांठतां येईल. (एक इंजिन बंद पडल्यावर वेगहि उतरतो, पण तो हिशेब आपण बाजूस ठेवूं.) पुढें जाणें व मागें फिरणें हीं दोन्ही वेळेच्या दृष्टीनें सारखीं होतात, तीं मध्यावर नव्हे, तर शॅननपासून 1,908 किलोमीटरवर, तेथून दोन्हीकडे 5 तास 18 मिनिटें. त्या बिंदूच्या अलीकडे असतां मागें फिरणें शहाणपणाचें, पलीकडे गेल्यावर पुढें जाणें शहाणपणाचें. काळोख्या रात्रीं, खालीं काळें पाणी असतां, विमानांतील मार्गदर्शकास हा बिंदु अगोदर काढून ठेवावा लागे. आणि वाऱ्याचा अंदाज चुकला, तर बिंदुहि चुकत असे. म्हणून या दोन ठाण्यांवर वैमानिकाइतकाच मान हवामान सांगणाऱ्यास होता. न्यूफाउंडलंडमध्यें हें काम करणारे मॅकटॅगर्ट-काउअन यांना वैमानिक थट्टेनें 'मॅकफॉग' म्हणत. पण त्यांचा शब्द मानीत.

फॉइन्स येथें सांगतात, कीं दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत हिंवाळ्याच्या एका रात्रीं पश्चिमेकडे निघालेलें एक विमान कित्येक तास उडून खराब हवेमुळें असेंच परत फिरलें. थंडीनें गारठलेल्या उतारूंना तेथील आचारी जो शेरिडन यानें कॉफींत थोडी आयरिश व्हिस्की घालून वर साय सोडून दिली, आणि 'आयरिश कॉफी' हें पेय जन्मास आलें. त्या उतारूंनीं रात्रभर प्रवास केला, आणि निघाले तेथेंच ते उतरले. नकाशावर त्यांचें अंतर शून्य. घड्याळांत मात्र एक अख्खी रात्र खर्चीं पडलेली.

आतां गँडरकडे जाऊं. 1936 च्या जून महिन्यांत न्यूफाउंडलंडच्या रेल्वेवरील 213 व्या मैलाच्या खुणेपाशीं रान तोडण्यास आरंभ झाला. जवळ गांव नव्हतें. जानेवारी 1938 मध्यें तेथें पहिलें विमान उतरलें, आणि त्या वर्षीं चार पक्क्या धांवपट्ट्यांचा तो विमानतळ जगांतील सर्वांत मोठ्या विमानतळांमध्यें गणला जाऊं लागला. ज्यांच्यासाठीं तो बांधला, तीं विमानें मात्र अजून यावयाचीं होतीं. त्यांना आणलें तें युद्धानें. इंग्लंडला अमेरिकेंत बांधलेलीं विमानें हवीं होतीं. बोटींतून तीं आणावयास फार दिवस लागत, आणि वाटेंत जर्मन पाणबुड्या टपलेल्या असत. हिंवाळ्यांत अटलांटिकवरून विमानें उडवून आणणें अनेक जाणत्यांना वेडेपणाचें वाटे. तरीहि 1940 च्या नोव्हेंबरच्या 10 तारखेस बेनेट या ऑस्ट्रेलियन वैमानिकाच्या नेतृत्वाखालीं सात हडसन विमानें गँडरहून निघालीं. वाटेंत त्यांची रांग मोडली, एक दुसऱ्यास दिसेनासें झालें. पण दुसऱ्या दिवशीं सकाळीं सातहि विमानें उत्तर आयर्लंडमध्यें उतरलीं. त्यानंतर युद्ध संपेपर्यंत हजारों विमानें या मार्गांनीं युरोपकडे गेलीं.

सगळींच पोंहोंचलीं नाहींत. 1921-22 सालीं ज्यांनीं सहकाऱ्यांसह इन्सुलिन शोधून काढलें, ज्यांना 1923 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, ते डॉ. फ्रेडरिक बँटिंग 1941 च्या फेब्रुवारींत युद्धकार्यासाठीं इंग्लंडला जावयास गँडरहून एका हडसन विमानांत बसले. निघाल्यावर थोड्याच वेळांत इंजिन बिघडलें. वैमानिकानें विमान मागें वळविलें. पण तें गँडरला पोंहोंचलें नाहीं, न्यूफाउंडलंडच्या बर्फाळ रानांत कोसळलें. वैमानिक वांचला, बँटिंग व दुसरे दोघे दगावले. मधुमेहाच्या ज्या रोग्यांना पूर्वीं मरणाशिवाय वाट नव्हती, त्यांना ज्यानें आयुष्य मिळवून दिलें, तो मनुष्य वयाच्या पन्नाशीच्या आंत असा गेला. आज आपल्या घरोघरीं ज्या औषधाचें नांव ठाऊक आहे, त्याच्या इतिहासाचें एक पान या अंतराशीं निगडित आहे, हें पुष्कळांस माहीत नसतें.

युद्ध संपलें आणि या दोन ओसाड जागांना भरभराटीचे दिवस आले. 1945 च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्कहून गँडर व शॅनन या मार्गानें जमिनीवर उतरणाऱ्या विमानांची उतारूसेवा सुरू झाली. त्या काळच्या विमानांना न थांबतां संपूर्ण प्रवास करणें अवघड होतें. विशेषतः पश्चिमेकडे जातांना. तेल भरण्यासाठीं उतरावयाचें तें येथेंच. मध्यरात्रीं राजे, मुत्सद्दी, नट आणि साधे कुटुंबवत्सल लोक गँडरच्या दिवाणखान्यांत एकत्र कॉफी पीत बसत. शॅननला 1947 सालीं ब्रेंडन ओरीगन यांनीं उतारूंसाठीं करमुक्त मालाचें दुकान काढलें. जगांतील विमानतळांवरचें तें अशा प्रकारचें पहिलें दुकान. येथेंहि घड्याळाची एक मौज होती. न्यूफाउंडलंडचें घड्याळ ग्रीनिचच्या साडेतीन तास मागें चालतें. आपल्या साडेपांच तासांप्रमाणेंच तेंहि अर्ध्या तासाचें घड्याळ आहे. संध्याकाळीं सहा वाजतां गँडर सोडणारा उतारू, आपल्या गणितांतील 8 तास 50 मिनिटांनीं शॅननला उतरला, तर तेथील घड्याळांत सकाळचे सहा वाजून वीस मिनिटें झालेलीं असावयाचीं.

परंतु जें अंतर या गांवांचें भांडवल होतें, तेंच पुढें आटूं लागलें. 1958 च्या ऑक्टोबरच्या 4 तारखेस ब्रिटिश कंपनीचीं दोन कॉमेट जेट विमानें अटलांटिकवरून परस्परांविरुद्ध दिशांनीं गेलीं. न्यूयॉर्कहून लंडनला येणारें न थांबतां सव्वासहा तासांच्या आंत पोंहोंचलें. लंडनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्यास गँडरला तेल घ्यावें लागलें, आणि त्याला सव्वादहा तासांहून अधिक लागले. पाहा, एकवीस वर्षांपूर्वींच्या जुलैमधील तीच साक्ष येथें पुन्हा मिळाली. विमान बदललें, पण वारा बदलला नव्हता. मात्र जेट विमानांची धांव लवकरच वाढली, आणि गँडरवर उतरण्याची गरज उरली नाहीं. दैवाचा खेळ असा, कीं 1959 च्या जूनमध्यें राणी एलिझाबेथ यांच्या हस्तें गँडरच्या नव्या भव्य इमारतीचें उद्घाटन झालें, तें नेमकें या वेळीं. उतारूंसाठीं सुंदर दालन तयार झालें, आणि उतारू त्याच्या डोक्यावरून जाऊं लागले.

शॅननवरहि हीच वेळ आली. पण तेथील लोकांनीं असा विचार केला, कीं विमानें तेल घेण्यास उतरत नसतील, तर त्यांना उतरण्यास दुसरें कारण दिलें पाहिजे. 1959 सालीं त्यांनीं विमानतळाला लागून एक मुक्त औद्योगिक क्षेत्र उभें केलें. कच्चा माल जकातीशिवाय आणावा, तेथें वस्तु बनवावी व परदेशीं पाठवावी, अशी ती योजना होती. पुढें अनेक देशांनीं याच धर्तीचीं क्षेत्रें काढलीं. आपल्याकडे 1965 सालीं कांडला येथें व 1973 सालीं मुंबईस सांताक्रूझजवळ अशीं क्षेत्रें निघालीं. अंधेरीकडे राहणारे श्रोते 'सीप्झ' हें नांव रोज ऐकतात. त्या कल्पनेचा एक जुना नमुना एका ओस पडूं लागलेल्या विमानतळाच्या काळजींतून निघाला होता.

आज लंडन-न्यूयॉर्कचीं विमानें या दोन्ही ठिकाणीं उतरत नाहींत. 2020 च्या फेब्रुवारींत एक विमान उंचावरील जोरदार वाऱ्यावर स्वार होऊन न्यूयॉर्कहून लंडनला पांच तासांच्याहि आंत आलें. तरी महासागरावर उडणाऱ्या वैमानिकाच्या कानीं हीं दोन नांवें अजून पडतात. पश्चिम बाजूच्या आकाशाचें नियंत्रण गँडरकडे आहे. पूर्व बाजूच्या आकाशासाठीं रेडिओचा संदेश शॅननजवळील केंद्रांतून जातो. 30 अंश पश्चिम रेखावृत्तावर एकाची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते.

आणि कधीं कधीं या नांवांना जमिनीवरहि आपलें काम करावें लागतें. 2001 सालीं सप्टेंबरच्या 11 तारखेस न्यूयॉर्कवर हल्ला होऊन अमेरिकेचें आकाश बंद झालें, तेव्हां महासागरावर असलेल्या विमानांपैकीं 38 उतारू-विमानें गँडरला उतरविण्यांत आलीं. साडेसहा हजारांहून अधिक परके लोक, आणि गांवची वस्ती जेमतेम दहा हजार. शाळा उघडल्या गेल्या, घरोघरीं स्वयंपाक झाला, आजूबाजूच्या खेड्यांनींहि माणसें वांटून घेतलीं. कित्येक दिवस तीं माणसें तेथें राहिलीं. जुन्या काळांतील त्या प्रचंड धांवपट्ट्या आतां कशाला हव्यात, असें म्हणणाऱ्यांना त्या दिवशीं उत्तर मिळालें.

दुसऱ्या कांठानें हें काम सोळा वर्षें आधीं केलें होतें. पण तें दुःखाचें होतें. 1985 च्या त्या जूनमध्यें 'कनिष्क' शॅननच्या नियंत्रकांच्या देखरेखीखालीं उडत होतें. त्यांच्याच पडद्यावरून तें एकाएकीं दिसेनासें झालें. त्यानंतर आयरिश व ब्रिटिश खलाशांनीं समुद्रांतून जीं शवें काढलीं, तीं कॉर्क शहरीं आणण्यांत आलीं. भारतांतून व कॅनडांतून आलेल्या नातेवाइकांना तेथील अनोळखी लोकांनीं धीर दिला. पुढें त्या किनाऱ्यावर अहाकिस्ता नांवाच्या लहानशा गांवीं स्मारक उभें राहिलें. दरवर्षीं 23 जूनला तेथें माणसें जमतात, आणि गांवकरी त्यांच्यासमवेत उभे राहतात. त्या विमानाला लंडन गांठावयास थोडाच वेळ उरला होता.

आठ दिवसांनीं मीं वर्गांत गेलों, तेव्हां बरोबर पृथ्वीगोल आणि सुताची गुंडी नेली होती. प्रथम मुलांना सांगितलें, "मीं त्या दिवशीं चुकीचें सांगितलें होतें." मग दोरा ताणला, वारा समजाविला, आणि फळ्यावर गणित केलें. तो मुलगा लक्ष देऊन ऐकत होता. शेवटीं त्यानें विचारलें, "म्हणजे गुरुजी, काका घरीं येतात तेव्हां वारा पाठीशीं असतो, आणि परत जातात तेव्हां समोरून येतो?" मीं म्हटलें, "बहुतेक वेळां, अटलांटिकवर तरी, तसेंच." तो म्हणाला, "आजी म्हणते, त्यांना येतांना लवकर आल्यासारखें वाटतें."

त्यावर मीं कांहीं बोललों नाहीं. त्याच्या वहींत त्यानें गँडर, शॅनन व 3,180 हा आंकडा लिहून घेतला होता, आणि त्याखालीं दोन निरनिराळ्या वेळा. मीं लाल शाईनें त्यावर बरोबरची खूण केली.